पन्नासाचं पेट्रोल

"आधी झिरो दाखवायचं, मंग नळी उचलायची. अन् गिऱ्हाईक काही बी बोलो, आपुन तोंड उघडायचं नाही. भाव का आपुन ठरोतो?"

पुंडलिकचा हा आवाज सत्यभामाला रोज सकाळी सहाला ऐकू यायचा. तो जाऊन सहा वर्षं झाली होती. रायपूरजवळच्या त्या हिंदी बोलणाऱ्या पोलाद कारखान्याच्या शहरात, नेहरू नगरजवळच्या हमरस्त्यावरच्या पेट्रोल पंपावर त्यानं सतरा वर्षं नळी धरली आणि तो गेल्यावर मालकानं तीच नळी त्याच्या बायकोच्या हाती दिली. पहिल्या दिवशी तिला शिकवायला कुणी आलं नाही. ते काही नडलं नाही. सतरा वर्षं रात्री जेवताना तो पंपाचंच बोलत आला होता.

त्या दिवशीही सहाला भाव बदलला. पस्तीस पैसे वर. आदल्या दिवशी तीस. शंभरी ओलांडूनही आठवडा होऊन गेला होता, तरी लोकांचा राग शिळा होत नव्हता. रोज ताजा निघायचा, दुधासारखा.

"दीदी, एक सौ दस का डालना. सौ का नहीं. सौ पे तुम लोगों की मशीन सेट रहती है."

"पेट्रोल मत डालो दीदी, ढक्कन पे छिड़क दो. खुशबू से चल जाएगी."

एका गाडीवाल्यानं काच अर्धीच खाली केली आणि नोट बाहेर धरून ओरडला, "सुबह-सुबह लूटने बैठ गए?"

शेजारच्या मशीनवरची मोनाली बावीस वर्षांची, तिला राहवायचं नाही. "सर, भाव हम नहीं बढ़ाते. ऊपर से आता है."

"ऊपर से? भगवान भेजता है क्या?"

रांगेतले हसले. सत्यभामा हसली नाही, रागावलीही नाही. "झिरो देखिए," म्हणाली, आणि नळी उचलली.

हे तिला तसं दर वर्षीच जमायचं, पण यंदा त्याला एक कारणही होतं. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतचे तीन महिने म्हणजे वर्षावास. पावसाळ्यात भिक्खू एका जागी राहतात, आणि वस्त्यावस्त्यांतल्या विहारांत रोज ग्रंथाचं वाचन चालतं. सत्यभामा सकाळ-संध्याकाळची वंदना कधी चुकवत नसे. शिवाय वर्षावासात दर वर्षी एखादा जादा नेम धरायची. एका वर्षी चहा सोडला होता. एका वर्षी रोज एका तरी माणसाला पाणी पाजायचं ठरवलं, पण पंपावर तो नेम फार सोपा निघाला. यंदा तिनं अवघड काढला होता: तीन महिने कोणाला कडू शब्द बोलायचा नाही. घरात नाही, रस्त्यावर नाही, पंपावर तर नाहीच. पुंडलिकच्या फोटोसमोर दिवा लावून तिनं हे मनाशी म्हटलं होतं. आता पौर्णिमेला आठ दिवस उरले होते आणि नेम धडधाकट होता.

दीड वाजता दौलतराव आले.

दौलतरावांची मोपेड पंपावर सगळ्यांना ठाऊक होती. सत्तरी ओलांडलेला माणूस, कारखान्याच्या रेल मिलमधून निवृत्त, अंगात कायम पांढरा सदरा. एक दिवसाआड दुपारी दीडला यायचे आणि पन्नासाचं पेट्रोल घ्यायचे. पण त्या पन्नासाला पाचशेचा वेळ लागायचा. आधी खाली उतरणार, झाकण काढणार, टाकीत डोळा लावून पाहणार. मग मशीनवरचा झिरो पाहणार. पेट्रोल पडलं की मोपेड जराशी तिरकी करून म्हणणार, "झटक व बाई, झटक. नळीत थेंब राह्यला." मागचे हॉर्न वाजवत. सत्यभामा नळी झटकायची. नळीतला शेवटचा थेंब गिऱ्हाईकाचा, हेही पुंडलिकनंच सांगितलेलं.

त्या दिवशी रांग रस्त्यापर्यंत गेली होती. एका पोरानं तिचा चेहरा मोबाईलमध्ये धरून "ये देखो भाई, लुटेरे" असं काहीतरी चित्रीकरण करून नेलं होतं. सकाळपासून ती पाण्याचा घोट घ्यायलाही बाजूला झाली नव्हती. दौलतरावांनी झाकण काढलं, भावाच्या आकड्याकडे पाहिलं आणि पन्नासाची नोट हातात तशीच धरून म्हणाले,

"काय व बाई, तुमी लोकाईनं तं लूटच मांडली. आता आमी का हवेवर गाडी चालवाव?"

सकाळपासून हेच तिनं शंभर तोंडांतून ऐकलं होतं. पण ते हिंदीत होतं. हिंदीतलं बोलणं पंपाच्या गणवेशावरच अडायचं, घरी जाऊन गणवेश काढला की निघून जायचं. हे तिच्या माहेरच्या बोलीत होतं. आमगावच्या आंगणातून कोणी म्हणावं तसं. ते सरळ आत गेलं.

"झेपत नसन तं इकून टाका न जी गाडी!" सत्यभामा म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. "या वयात हिंडाले कोनं सांगतलं? घरी बसा!"

रांगेतल्या कितीजणांना मराठी कळलं असेल कोण जाणे, पण सूर सगळ्यांना कळला. कोणीतरी शीळ घातली. मोनाली नळी धरून तशीच वळून पाहत राहिली.

दौलतरावांनी नोटेची घडी घातली, खिशात ठेवली. झाकण फिरवून घट्ट बसवलं. मग मोपेड हातानं ढकलत, हॉर्न वाजवणाऱ्या गाड्यांच्या मधून, रस्त्याच्या कडेपर्यंत गेले.

"दीदी," मोनाली हळूच म्हणाली, "आज तो आपने..."

"झिरो देखिए," सत्यभामा पुढच्या गिऱ्हाईकाला म्हणाली.

संध्याकाळी तिनं दिवा लावला. त्रिशरण म्हटलं, पंचशीलातली शीलं म्हणायला घेतली. पहिली तीन नेहमीसारखी झाली. चौथं वाणीचं. तिथं आवाज अडला. पुंडलिक फोटोतून पाहत होता, हयातीत पाहायचा तसाच. तिनं पाचवं म्हटलं, पुन्हा चौथ्याशी आली, पुन्हा अडली. शेवटी नुसतेच हात जोडून बसली.

एक दिवसाआड म्हणजे तिसऱ्या दिवशी दौलतराव यायला हवे होते. दीड वाजला, दोन वाजले. तिची पाळी संपली तरी ती अर्धा तास पंपावर उगाच पाइप गुंडाळत थांबली. पांढरा सदरा काही दिसला नाही.

पाचव्या दिवशी तिनं मोनालीला विचारलं. मोनालीचं घर सुपेल्याच्या बाजारामागं. "तुले मालूम हाये का व, ते मोपेडवाले काकाजी कुठं राह्यतेत?"

"अरे, वो तो हमारी गली के पीछे हैं. दीदी, आपको नहीं पता? वो गिर गए ना. साइकिल से. पैर में प्लास्टर लगा है."

"सायकल? त्यायची तं मोपेड हाये."

मोनालीनं खांदे उडवले. पण सत्यभामाकडे पाहून तिचेही खांदे खाली आले.

दोन वाजता सत्यभामा आपली सायकल घेऊन सुपेल्याला गेली. बाजारातली गर्दी, गॅरेजांमधला हातोड्यांचा आवाज, दसऱ्याच्या उरलेल्या झेंडूंचा रस्त्यावर पडलेला चिखल. त्यामागं एका खोलीचं पक्कं घर, दाराशी निळी पट्टी रंगवलेली. दारात मोपेड उभी होती, जुनं पातळ पांघरून. भिंतीशी एक काळी सायकल होती. पुढचं चाक आठाच्या आकड्यासारखं वाकलेलं.

दार त्यांच्या बायकोनं उघडलं. कमलाबाई. सत्यभामानं "जय भीम" म्हटलं आणि पुढं काय म्हणावं ते तिला सुचेना. "मी पंपावरची," एवढंच म्हणाली.

"कोन व, कमला?" आतून आवाज आला.

"पेट्रोलवाली आली," कमलाबाईंनी तिकडं तोंड करून सांगितलं. "पाह्य बरं, तू जात नाही तं पंपच घरी आला."

दौलतराव खाटेवर होते. पाय उशीवर, घोट्यापासून गुडघ्यापर्यंत पांढरा. चष्मा कपाळावर चढवलेला. सत्यभामा खाटेच्या पायथ्याशी खाली बसली. येताना सगळ्या रस्त्यानं तिनं वाक्य जुळवलं होतं. ते आता म्हणायला लागली, "काकाजी, त्या दिवशी मी जे बोलली..."

"तू म्हटलं घरी बसा," दौलतराव म्हणाले. "बसलो."

कमलाबाईंना हसू आलं. सत्यभामाची मान खाली गेली.

"अव, वर पाह्य," ते म्हणाले. "तुया बोलण्यानं नाही पडलो मी. खड्ड्यानं पडलो. जुनवानीच्या रस्त्यावर असा खड्डा हाये, त्यात अर्धा सेक्टर मावते."

"पर सायकल तं तिच्या बोलण्यानंच काढली न," कमलाबाई म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, हिशोब सरळ लावण्याची सवय होती. "म्हणे, पन्नासात पहिले चार खेपा होत, आता अडीच होतेत. पंपावरची पोरगी बी रागावते. म्हणे, आमी सायकलीवरच तीस वर्सं मेन गेटात गेलो. गेला तू, पर तवा तू सत्तरचा होता का?"

सत्यभामानं विचारलं, "पर जुनवानीले कावून जाता जी तुमी?"

दौलतरावांनी कमलाबाईंना खूण केली. कमलाबाईंनी फळीवरून पांढऱ्या कापडात बांधलेला ग्रंथ आणून खाटेवर ठेवला.

जुनवानीच्या पलीकडच्या वस्तीत एक लहानसं विहार होतं, वर पत्रे. तिथल्या बाया भंडारा-गोंदियाकडून लग्न होऊन आलेल्या, आता सत्तर-पंचाहत्तरच्या. कोणालाच वाचता येत नव्हतं. नातवंडांना यायचं, पण हिंदी. मराठी ग्रंथ हातात दिला की ती दोन ओळींत अडखळत. हिंदी ग्रंथ आणून पाहिला होता. त्यांच्यातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या अंजनाबाई म्हणाल्या होत्या, "हिंदीत आयकलं तं बातम्या आयकल्यावाणी वाटते बापा. आपल्या घरचं कोणी बोलून राह्यलं असं नाही वाटत." तेव्हापासून दौलतराव वर्षावासात रोज तीन वाजता तिथं जायचे आणि तासभर वाचायचे. सात वर्षं. त्यांनी बायांकडून कधी काही घेतलं नाही, येण्याजाण्याचं पेट्रोलही नाही.

"सात वर्सात एक दिस खंड नाही," ते म्हणाले. "तू रागावली त्या दिवशी बी रिझर्ववर जाऊन आलो. दुसऱ्या दिवशी सायकल काढली अन्..." त्यांनी पायाकडं हात केला. "चार दिस झाले. अंजनाबाई नातवाच्या फोनवरून रोज इचारते. पौर्णिमेले समारोप हाये. शेवटचा भागच राह्यला."

"राजदीप म्हणे, मोबाईलवर लावून द्या," कमलाबाई म्हणाल्या. राजदीप त्यांचा मुलगा, रायपूरला असतो. "तिथं मिळते म्हणे सगळं वाचलेलं."

"मंग मी अंजनाबाईले सांगतलं तसं," दौलतराव म्हणाले. "तर म्हणते, मोबाईलले थांब म्हटलं तं थांबते का? मले समजलं नाही तं पुन्ना सांगते का? तो आपला बोलतच राह्यते."

सत्यभामानं कापडाची गाठ सोडली. ग्रंथ उघडला आणि तिचा हात थांबला. पानापानांत खुणेला पावत्या होत्या. तिच्याच पंपाच्या, मशीनमधून निघणाऱ्या, पातळ कागदाच्या. पहिल्या पानांतल्या इतक्या फिकट झाल्या होत्या की लिटरच्या भावाचा आकडा वाचायला कागद तिरका धरावा लागे. बासष्ट. पुढं एकोणसत्तर. अठ्ठ्याहत्तर. सुरुवातीच्याच काही पावत्यांवर कामगाराच्या नावाच्या जागी पुंडलिकचं नाव होतं. शेवटची पावती, तीन आकड्यांची, तिनंच फाडून दिलेली होती.

पुंडलिकच्या नावावरून तिनं बोट फिरवलं. मग म्हणाली, "काकाजी, माही सातवी आमगावच्या मराठी शाळेत झाली."

दौलतरावांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. "वाच."

"आता?"

"नाही तं का पौर्णिमेले?"

शेवटची पावती होती तिथून तिनं वाचायला सुरुवात केली. पहिलंच वाक्य तीन ओळींचं. शाळा सुटून तीस वर्षं झाली होती. वाणसामानाच्या पुड्या आणि पंपावरच्या पाट्यांपलीकडे तिनं मोठ्यानं काही वाचलं नव्हतं. ती घाईघाईनं शेवटाला पोचली आणि दम लागून थांबली.

"भाव सांगितल्यावाणी नको वाचू," दौलतराव म्हणाले. "पस्तीस पैसे वाढले, चाला पुढं, असं नाही. जिथं थांबा हाये तिथं थांब. म्हाताऱ्या हायेत, त्यायले श्वास घेऊ दे. पुन्ना."

तिनं पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा वाचलं. चौथ्या वेळी दौलतराव डोळे मिटून ऐकत राहिले. कमलाबाई चहा ठेवायला उठल्या होत्या, त्या दारातच उभ्या राहिल्या.

चहा झाल्यावर दौलतराव म्हणाले, "मी बी तुले 'तुमी लोकं' म्हटलं. भाव का तू ठरोतं? अन् तुया नवऱ्याच्या हातचं किती पेट्रोल घेतलं मी. तो तं झटक म्हणायच्या आधीच झटके. पौर्णिमेले भंते एकमेकायले म्हणतेत, या तीन महिन्यात माह्यात काही चुकीचं दिसलं असन, आयकू आलं असन, तं सांगा. आपलं चार दिस आधीच झालं, असं समज."

सत्यभामाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते तिनं ग्रंथावर पडू दिलं नाही.

"मोपेडची चाबी घेऊन जाय," ते म्हणाले. "टाकीत दोन घोट असन."

"मले चालवता नाही येत जी. सायकल हाये माही."

"खड्डा उजव्या हाताले हाये. पाण्याच्या टाकीच्या पुढं."

"ध्यानात ठेवीन."

"तीन दिसात सात दिसाचं वाचायचं हाये. होईन?"

"होईन."

"खंड नाही पडणार?"

"नाही पडू देत, काकाजी."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला पुन्हा पस्तीस पैसे वाढले. साडेसहाला पहिल्यानं पुन्हा एकशे दहाचं मागितलं, सातला कोणीतरी झाकणावर शिंपडायचा विनोद केला आणि त्याला वाटलं तो आपणच काढला. एका म्हाताऱ्या माणसानं भाव पाहून नुसतंच कपाळाला हात लावला. सत्यभामानं त्याची नळी नेहमीपेक्षा दोनदा जास्त झटकली. संध्याकाळची वंदना अजून व्हायची होती. चौथं शील आज म्हणता येईल की नाही, हे तिला ठाऊक नव्हतं.

दोन वाजता तिनं पंपामागच्या नळावर साबण लावून हात धुतले. मग पुन्हा. मग तिसऱ्यांदा. पेट्रोलचा वास बोटांच्या पेरांतून काही हटला नाही. पानांना लागेल, या धास्तीनं तिनं पंपाच्या खोलीतल्या लोखंडी कपाटातून ग्रंथ काढताना पदर मधे धरला, आणि मग ग्रंथाभोवतीचं कापड नाकाशी नेऊन पाहिलं. ग्रंथालाही तोच वास होता. सात वर्षं तो मोपेडच्या टाकीला टेकलेल्या पिशवीतून गेला-आलेला. तिनं पदर सोडला आणि ग्रंथ दोन्ही हातांनी उचलून सायकलच्या पुढच्या टोपलीत ठेवला.

"दीदी, किधर?" मोनालीनं विचारलं.

"जुनवानी."

"साइकिल से? इतनी धूप में?"

सत्यभामानं सायकल हवेच्या मशीनपाशी नेली. पंपावर तेवढी एक गोष्ट अजून फुकट होती. पुढच्या चाकात हवा भरली, मागच्या चाकात भरली, अंगठ्यानं दाबून पाहिलं. रांगेतल्या कोणीतरी हॉर्न वाजवला, कोणीतरी सरकारला शिव्या घातल्या, मोनाली म्हणाली, "झिरो देखिए सर."

तिनं एक ट्रक जाऊ दिला आणि डाव्या कडेनं रस्त्याला लागली. ओठांत ते तीन ओळींचं वाक्य होतं. वाक्यातल्या थांब्यापाशी ती पॅडल मारायची थांबली. सायकल थोडं अंतर तशीच पुढं गेली. मग तिनं पुढचे शब्द घेतले.